कंबर सहासष्ट

पोस्ट कचेरी, व्हेर्नॉय
४ सप्टेंबर १८७६

प्रिय ओनोरीन,

वर्षभरात मी तुला एक ओळ लिहिली नाही. पोस्टमास्तरीण असून लिहिली नाही, म्हणजे सबब सांगायलाही तोंड नाही. तिकिटं हाताशीच असतात.

आज लिहिते आहे ती कामासाठी. मला तुमच्या पेढीतून एक झगा शिवून हवा आहे. हसू नकोस. नवरा गेल्याला नऊ वर्षं झाली. पाच वर्षं काळ्यात काढली, चार करड्यात. त्याच्या आत्म्याला आता पुरेशी शांती मिळाली असेल.

कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे वोकूर नावाचे नवे प्रांतसाहेब आले. साहेब गरीब गाय, पण बाईंना चार शिंगं. दर हिवाळ्यात त्या बंगल्यावर जेवण घालतात. गेल्या खेपेला मला त्यांनी दाराशी बसवलं, ओल्या छत्र्या ठेवायच्या नळकांड्याशेजारी. वर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मादाम ब्रेनो, तिकडे उजेड कमी आहे. तुमच्या बाह्यांना बरं पडेल." मी तेव्हा सूप पीत होते. चमचा ठेवला आणि बाह्या टेबलाखाली घेतल्या.

त्या स्वतः पॅरिसखेरीज दुसरीकडचं काही अंगाला लावत नाहीत, असं त्याच सांगतात. तेव्हा मलाही पॅरिसचाच झगा हवा. आतल्या कंबरपट्टीवर तुमच्या पेढीचं नाव सोनेरी अक्षरांत विणलेलं असतं ना, ते असायलाच पाहिजे. आणि पोलकं हल्लीचं, चिलखतासारखं अंगाला बसणारं.

छाती ९०, कंबर ६४, खांदा ३८. पैसे तयार आहेत.

तुझी मावसबहीण,
लेओकादी


पॅरिस, ८ सप्टेंबर

प्रिय लेओकादीताई,

हसले नाही. इथे हसायला वेळ कुणाला आहे? हिवाळ्याची कामं आली आहेत आणि आम्ही चाळीस जणी दोन खिडक्यांच्या उजेडासाठी भांडतो.

तुझं काम थोरल्या बाईंच्या, मादाम आग्लाएंच्या कानावर घातलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "गिऱ्हाईक समोर नाही आणि चिलखती पोलकं?" मी म्हटलं, माझी बहीण आहे, विश्वासाची आहे. तेव्हा म्हणाल्या, "ठीक. पण झगा एकदा जरी दुरुस्तीला परत आला, तर तू पोलक्यांच्या टेबलावरून उठायचं आणि झालरी दुमडायला बसायचं." ताई, मी आयुष्यातली सहा वर्षं झालरी दुमडली आहेत. मला परत तिकडे जायचं नाही.

म्हणून मापं जपून घे. चिलखती पोलकं म्हणजे झाडाची साल. ते कमरेखाली पार कुल्ल्यांपर्यंत जातं. चौदा तुकडे असतात, शिवणीशिवणीत देवमाशाच्या हाडाच्या पट्ट्या असतात आणि सुरकुती एकही चालत नाही. ज्या बाईसाठी ते कापलं, तिच्याखेरीज जगात दुसऱ्या कुणालाही होत नाही. माप देताना पोट आत ओढू नकोस. सगळ्याच बायका कंबर दोन सेंटिमीटर कमी सांगतात, ते आम्ही धरूनच चालतो.

ओनोरीन


व्हेर्नॉय, २१ सप्टेंबर

प्रिय ओनोरीन,

मापात किरकोळ चूक झाली होती. आमचा फीत-टेप जुना आहे, दमट हवेने आखडला असावा. खरी मापं अशी: छाती १०४, कंबर ७६. उंची चार सेंटिमीटरने कमी धर.

मोठं कापलेलं लहान करता येतं, लहान कापलेलं मोठं होत नाही, असं जाणती माणसं म्हणतात. तुलाही ते पटेल.

घाईत आहे, टपालगाडी आली.

लेओकादी


पॅरिस, २४ सप्टेंबर

लेओकादीताई,

सतरा दिवसांत कंबर बारा सेंटिमीटर वाढली आणि छाती चौदा. टेप एवढा आखडत नाही. मी वीस वर्षं बायकांची शरीरं मोजते आहे. त्यांना स्वतःला कळायच्या आधी मला कळतं.

मी तुला नावं ठेवणार नाही. तू विधवा आहेस, माणूस आहेस, तुमच्याकडे हिवाळाही लांबतो. फक्त एवढं सांग, तो कोण आहे? लग्न करणार आहे का? आणि झगा कोणत्या महिन्यात घालायचा आहे? जानेवारीत म्हणत असशील, तर चिलखती पोलक्याचा विषयच सोड. मोकळा, पुढून चुण्यांचा झगा शिवू. लोकांच्या लक्षात येणार नाही.

तो करवसुलीवाला गार्नो तर नव्हे? नाताळात आले होते तेव्हा तो तुझ्या टपालाच्या खिडकीशी बराच वेळ रेंगाळला होता.

तुझ्या काळजीत,
ओनोरीन


व्हेर्नॉय, २७ सप्टेंबर

ओनोरीन,

तुझं पत्र वाचून मी सरकारी कामकाजाची खिडकी दहा मिनिटं बंद ठेवली. एकोणीस वर्षांच्या नोकरीत हे पहिल्यांदा घडलं.

मोस्य गार्नो एकसष्ट वर्षांचे आहेत आणि जेवताना सुपातच डुलक्या घेतात. ते खिडकीशी रेंगाळतात, कारण त्यांना चिल्लर मोजायला वेळ लागतो. माझ्या पोटात काहीही नाही. लहानपणी तुझं नाक मी पुसलं आहे, त्याची तरी आठवण ठेवायची होतीस.

आधीची दोन्ही मापं फाडून टाक. ही शेवटची, गणिताने तपासून घेतलेली: छाती ९२, कंबर ६६, खांदा ३८.३.

तुझी (अजून तरी) बहीण,
लेओकादी


पॅरिस, ७ ऑक्टोबर

प्रिय ताई,

पाय धरते, राग सोड. पण खांद्याला दशांश कुठून आला, ते सांग. बाईच्या खांद्याला दशांश नसतो.

मी ही मापं आमच्या भुशाच्या बाहुलीवर चढवून पाहिली. कापूस भरला, काढला, पुन्हा भरला. अशी बाई उभी राहीना. छाती म्हणते ही ठेंगणी, पाठ म्हणते ही उंच. मादाम आग्लाए जाता जाता थांबल्या आणि म्हणाल्या, "हे कोण आहे?"

रेशमाला कात्री लावायच्या आधी मांजरपाटाचा कच्चा नमुना रेल्वेने पाठवते आहे. कॉर्सेटवर घाल, सरळ उभी राहा, जिथे दाटतं तिथे शिवण उसव आणि सैल वाटतं तिथे टाचणी लाव. मग जसाच्या तसा परत पाठव.

ओनोरीन


पॅरिस, २० ऑक्टोबर

लेओकादीताई,

नमुना परत आला. मी तो टेबलावर पसरला आणि थोड्या वेळाने खुर्ची ओढून बसले.

छाती दोन बोटं उसवली आहे. त्याच छातीवर तीन बोटं आत घेतल्याच्या टाचण्याही आहेत. डावा मुंढा फाटला आहे. उजव्यात कुणीतरी चार बोटं लांब बाही सुचवली आहे. खडूच्या खुणा पांढऱ्या आहेत, निळ्या आहेत आणि लालही आहेत. पाठीला कापराचा वास येतो. मनगटाशी जांभळी शाई सांडली आहे आणि कमरेच्या पट्टीवर पेन्सिलीने भागाकार केला आहे, अगदी सुबक अक्षरात, खाली दोन रेघा मारून. तुझं अक्षर मला ठाऊक आहे, ते कोंबडीच्या पायासारखं आहे.

कुठलीही एक बाई एकाच पोलक्यात काखेत फाटून छातीला सैल होऊ शकत नाही.

किती जणी आहात?

ओनोरीन


व्हेर्नॉय, २३ ऑक्टोबर

प्रिय ओनोरीन,

तीन.

शपथ घातली होती म्हणून बोलले नाही. मी, औषधवाल्याची बायको युफ्राझी आणि मुलींच्या शाळेतल्या बाई, फिलोमेन. युफ्राझीला मादाम वोकूरनी म्हटलं होतं, "दुकान घरी ठेवून आला असतात तर बरं झालं असतं," आणि नाकाला रुमाल लावला होता. फिलोमेनला बक्षीस समारंभात, तिच्या विद्यार्थिनींसमोर विचारलं, "हा झगा बादशहांच्या काळातला ना? तेव्हा कापड टिकाऊ निघायचं." बिचारी फिलोमेन महिनाभर चर्चमध्ये मागच्या बाकावर बसत होती.

एकीला पॅरिस परवडत नाही. तिघींची मिळून तीन वर्षांची बचत आहे. आणि मादाम वोकूर जेवणंही तीन घालतात: जानेवारीत सरकारी नोकरांना, फेब्रुवारीत दुकानदारांना, मार्चमध्ये शाळा-चर्चवाल्यांना. एकमेकांत मिसळायची आमची लायकी नाही ना. मग तिघी कधी एकत्र दिसणारच नाही, तर झगा एक का पुरू नये?

आधी कुणाच्या मापाने शिवायचा म्हणून चिठ्ठ्या टाकल्या, माझं नाव निघालं. ती पहिली मापं. मग युफ्राझी रुसली, म्हणाली, "मी त्यात एक हात घालीन आणि उरलेली मी बाहेर." ती दुसरी मापं तिची. तेव्हा फिलोमेनने फळ्यावर तिघींची मापं मांडली, बेरीज केली, तीनने भागलं आणि म्हणाली, "तुम्ही भांडू नका, सरासरी कुणावरही अन्याय करत नाही." नमुना घालून पाहिला तेव्हा कळलं, सगळ्यांवर सारखाच करते.

फिलोमेन उंच आणि काटकुळी आहे, तिची खरी मापं सोबत जोडते. आता तू म्हणशील ते. पैसे परत मागणार नाही.

लेओकादी


पॅरिस, ६ नोव्हेंबर

प्रिय लेओकादीताई,

दोन दिवस मी तुझ्यावर इतकी चिडले होते की एका संगीत-नाटकातल्या बाईच्या पोलक्याला बाह्या उलट्या लावल्या. ते मादाम आग्लाएंनी पाहिलं आणि विचारलं. मला खोटं बोलता येईना. सगळं सांगून टाकलं आणि झालरीच्या टेबलाकडे पाहत उभी राहिले.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "तीन बायका, एक पोलकं," म्हणाल्या. "तीस वर्षं मी राजघराण्यांसाठी शिवते आहे. त्यांनी मला पैसे दिले, कामाला लावलं. डोकं चालवायला कुणी लावलं नाही." आणि माझ्या हातातला खडू काढून घेऊन त्या स्वतः टेबलावर रेघा मारायला लागल्या.

तर ऐक. कापड गर्द डाळिंबी रेशीम. पाठीला बटणं नाहीत, मानेपासून खालपर्यंत नाडी. फटीमागे त्याच रेशमाची पट्टी, म्हणजे सैल सोडली तरी आतलं दिसणार नाही. पुढे छातीवरचं पान सुटं, आतून हुकांनी लागतं. पानं तीन: तुझं हस्तिदंती लेसचं, युफ्राझीबाईंचं फिकट गुलाबी आणि सगळ्यांत रुंद, फिलोमेनबाईंचं करडं आणि अरुंद. पान बदललं की झगाच वेगळा वाटतो. खांदा तुझ्या मापाने कापला आहे. युफ्राझीबाईंसाठी काखेत जादा कापडाचा चौबगळा घातला आहे, घडी करून टाचला की नाहीसा होतो. फिलोमेनबाईंसाठी कापसाच्या दोन पातळ उश्या, आतून टाचायच्या. कुठे, ते त्यांनाच कळेल. खालच्या घेराची चिंता नाही. हल्ली तो आतून फितींनी मागे ओढूनच बांधतात, ज्याचा त्याने हवा तेवढा ओढावा. फिलोमेनबाईंच्या उंचीसाठी झालरीखाली दोन दुमडी लपवल्या आहेत, त्या सोडायच्या.

आणि पुढे सैल करता यावं म्हणून प्रत्येक शिवणीत मी माया ठेवली आहे. एवढी माया या पेढीत कुणी कुणासाठी ठेवली नसेल.

दुरुस्तीची अट मात्र कायम आहे. बाई चित्र काढताना हसल्या, पण अट त्यांनी मागे घेतली नाही.

ओनोरीन


व्हेर्नॉय, १९ जानेवारी १८७७

प्रिय ओनोरीन,

झगा आला त्या दिवशी आम्ही पोस्टाच्या मागच्या खोलीत दार लावून पेटी उघडली. युफ्राझी रडली. फिलोमेनने कंबरपट्टीवरची सोनेरी अक्षरं मोठ्याने वाचली, मुलांना शुद्धलेखन घालतात तशी.

काल मी तो घालून गेले. नाडी फिलोमेनने ओढली, पाय माझ्या पाठीला लावून. बंगल्यावर पोचले तर मादाम वोकूर दारातच होत्या. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, जणू खरी पोस्टमास्तरीण अजून यायची आहे. "कुणाकडचा?" त्यांनी विचारलं. मी पेढीचं नाव सांगितलं, पावसाबद्दल बोलावं तितक्या सहज. त्यांनी मला मोस्य गार्नोंच्या शेजारी, शेकोटीजवळ बसवलं. ते माझ्या खांद्यावर झोपले. मी त्यांना हलवलं नाही, बाही चुरगळली असती.

लेओकादी


व्हेर्नॉय, ९ फेब्रुवारी

प्रिय ओनोरीन,

संकट आलं आहे, पण बस आणि मग वाच.

परवा युफ्राझीची पाळी होती. गुलाबी पानात ती अशी शोभली की तिच्या नवऱ्याने, जो बावीस वर्षांत तिच्याशी गोळ्यांखेरीज काही बोलला नाही, तिला जिन्यावरून उतरताना हात दिला. मादाम वोकूरनी विचारलं, "तुम्हीसुद्धा पॅरिस?" युफ्राझी म्हणाली, "आम्ही सगळ्याच तिथे शिवतो." मग सशाचा रस्सा आला. कुणाचा तरी धक्का लागला आणि रस्सा तिच्या मांडीवर, तळहाताएवढा.

औषधवाल्याने रात्रीच स्वतः तयार केलेलं औषध लावलं. डाग गेला नाही. डागाची कड मात्र गेली, आणि डाग ताटाएवढा झाला.

आठ मार्चला फिलोमेन. परत पाठवू म्हणावं, तर तुझ्या झालरी आठवतात.

लेओकादी


पॅरिस, १२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

परत पाठवू नकोस, आणि त्या माणसाला झग्यापासून दूर ठेव. सोबत त्याच रेशमाचा तुकडा आहे. त्याची मोठी फुलगाठ कर आणि डागावर तिरकी बसव, टाके आतून लहान. सरळ बसवलीस तर लपवल्यासारखी दिसेल. तिरकी बसवलीस तर पुढच्या हिवाळ्यात सगळ्या तशीच मागतील.

ओनोरीन


व्हेर्नॉय, १५ मार्च

प्रिय ओनोरीन,

आता जे सांगते ते मला स्वतःलाही नीट समजलेलं नाही.

फिलोमेनचं जेवण छान झालं. करडं पान, दुमडी सोडलेल्या, फुलगाठ तिरकी, उश्या जागच्या जागी. धर्मगुरूंनीसुद्धा दोनदा पाहिलं. मादाम वोकूर मात्र रात्रभर फुलगाठीकडेच बघत होत्या.

सोमवारी मी खिडकी बंद करत होते तेव्हा त्या आल्या. एकट्या. आत येऊन दार लावलं. मला वाटलं, आता गावभर दवंडी.

"मादाम ब्रेनो," त्या म्हणाल्या, "फुलगाठीखाली सशाचा रस्सा आहे."

मी तोलकाट्यावरचं पार्सल पुन्हा तोलायला लागले.

"मला ठाऊक आहे, कारण धक्का माझ्याच कोपराचा लागला होता. माफी मागायला हवी होती. मागितली नाही." मग त्यांनी हातमोजे काढून माझ्यासमोर ठेवले. ओनोरीन, दहाही बोटांची टोकं रफू केलेली होती. "मी पॅरिसला शेवटची गेले त्याला अकरा वर्षं झाली. अंगावर आहे ते सगळं लग्नातलं. मोलकरीण उलटवून शिवते, रंगवते, पुन्हा शिवते. आता रंगसुद्धा धरत नाही. मे महिन्यात जनावरांच्या प्रदर्शनाला कलेक्टरसाहेब सपत्नीक येणार आहेत. साहेबांची बढती त्या दिवसावर आहे. मला चौथी करून घ्याल?"

मी म्हटलं, "विचारून सांगते." एवढं म्हणायला मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी चौघी मागच्या खोलीत बसलो. युफ्राझी म्हणाली, "दुकान घरी ठेवून आले आहे, नाक उघडं ठेवलंत तरी चालेल." मादाम वोकूरनी मान खाली घातली. मग फिलोमेन, जी त्यांच्यासमोर कधी बोलत नाही, म्हणाली, "एक अट. पुढच्या हिवाळ्यात जेवण एकच घालायचं. सगळ्यांना एका टेबलावर."

मादाम वोकूर लाल झाल्या. "मला काय हौस आहे तीनदा स्वयंपाक करायची?" म्हणाल्या. "घरात सोळाच ताटं आहेत."

दोन वर्षं आम्ही लायकीवरून झोप घालवली होती.

"ताटं माझ्याकडे आहेत," युफ्राझी म्हणाली.

कंबर ६० सांगितली आहे त्यांनी.

लेओकादी


पॅरिस, १९ मार्च

प्रिय ताई,

६२ धरली. पान हिरवट सोनेरी पाठवते आहे, त्यांच्या वयाला आणि काळजीला तेच शोभेल. नाडी पुरेल. शिवणीत अजून माया शिल्लक आहे.

मादाम आग्लाएंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "गावात एकंदर बायका किती?" मी घाईघाईने विषय बदलला.

ओनोरीन


व्हेर्नॉय, २१ मे

प्रिय ओनोरीन,

प्रदर्शन काल झालं. मंडपात पहिल्या रांगेत आम्हा तिघींना बसवलं होतं, आपापल्या जुन्या झग्यांत. माझ्या बाह्यांवर भर दुपारचं ऊन होतं. मी त्या झाकल्या नाहीत.

मादाम वोकूर आल्या तेव्हा युफ्राझी मला कोपराने ढोसत राहिली. नाडी सकाळी तिनेच ओढली होती, फिलोमेनपेक्षा जोरात. त्या हळू चालत होत्या. लोकांना ऐट वाटली. आम्हाला ठाऊक होतं की श्वास पुरत नाही.

कलेक्टरीणबाईंनी झगा खालपासून वरपर्यंत न्याहाळला आणि विचारलं, "सुरेख आहे. कुणाचा?"

पेढीचं नाव कंबरपट्टीवर होतं. ते सांगायला हवं होतं, त्यासाठीच तर एवढा खटाटोप.

"आमचा," मादाम वोकूर म्हणाल्या.

कलेक्टरीणबाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मादाम वोकूरनी पुन्हा तेच सांगितलं, आणि या खेपेला आमच्याकडे हात केला. फिलोमेन उठून उभी राहिली. वर्गात हजेरी देतात तशी. मग युफ्राझी उभी राहिली, मग मी.

कलेक्टरीणबाईंना काही उलगडलं नाही. त्या हसल्या आणि बैल बघायला पुढे गेल्या.

तुझी,
लेओकादी